वादीतला पाशा

बेसिलला लिफ्टची भीती वाटते. वेग टिपणाऱ्या रडारच्या कॅमेऱ्यांची वाटते. एमिरेट्स आयडी घरी राहिलं की काय म्हणून तो रस्त्यात चारदा खिसा चाचपतो. हॉटेलातल्या जनरल मॅनेजरने नुसतं "बेसिल, अ मिनिट" म्हटलं, तरी केबिनपर्यंत जाईस्तोवर त्याच्या डोक्यात नोकरी गेलेली असते, व्हिसा कॅन्सल झालेला असतो आणि आम्ही दोघं बॅगा घेऊन वसईच्या स्टेशनवर उभे असतो. चेष्टा म्हणून सांगत नाही. त्याचा स्वभावच तसा आहे, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घरातले निर्णय मी घेते. तो गाडी चालवतो, तीही ऐंशीने.

अशा माणसाला पाशाचं काम मिळालं ते त्याच्या तोंडवळ्यामुळे. रुंद खांदे, भरघोस पिकलेली मिशी, आणि बँक्वेट मॅनेजर म्हणून आयुष्यभर ताठ उभं राहून कमावलेली पाठ. आमची मुलगी कॅरल दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ॲड एजन्सीत आहे. उस्मानी तुर्की साम्राज्यातल्या सेनापतींवर आणि वजिरांवर एक मालिका निघतेय आणि तिला चेहरे हवेत, असं कळल्यावर तिने बापाला न विचारता त्याचा फोटो पाठवून दिला. चार दिवसांत फोन आला.

"डॅड, यू डोन्ट हॅव टू से एनिथिंग," कॅरल म्हणाली. "जस्ट स्टँड देअर अँड लुक अँग्री."

खरंच, संवाद नव्हते. मागून निवेदक बोलणार आणि पडद्यावर ही माणसं हलताना दिसणार, असा प्रकार. बेसिलचा पाशा इतिहासात नव्हता. चार-पाच निरनिराळ्या सेनापतींचं मिळून लेखकाने एक माणूस उभा केला होता. युद्ध हरल्यात जमा आहे, वाळवंटातल्या एका गढीत तो अडकलाय, शिपाई उपाशी आहेत, आणि इस्तंबूलहून वजिराच्या तारांवर तारा येतायत की शरण जा, माणसं वाचव. पाशा तारा वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि बुरुजावर जाऊन उभा राहतो.

बेसिलने ते सगळं फार मनाला लावून घेतलं. जेवताना मध्येच म्हणाला, "ब्रिजिट, हुकूम वजिराचा होता ना? वरून आलेला? मग त्याने ऐकलं का नाही?"

"मला काय विचारतोस? डायरेक्टरला विचार."

"नाही, पण भीती कशी वाटली नसेल त्याला?"

डायरेक्टरला त्याने विचारलं नाहीच.

शूटिंग रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका वादीत होतं. वादी म्हणजे कोरडी नदी. दोन्ही बाजूंना उघडे काळपट कडे आणि मध्ये गोटे, वाळू, मधूनच एखादं काटेरी झाड. पात्राच्या मधोमध प्लायवूड आणि वाळूच्या पोत्यांचा बुरुज बांधला होता. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून आम्ही अंधारातच निघालो.

बुरुजापासून बरंच खाली, नदीच्या उताराच्या बाजूला, कपड्यांचा आणि जेवणाचा तंबू होता. तिथेच गाड्या आणि शिपायांना आणणारी बस. बसचा ड्रायव्हर अन्वर श्रीवर्धनचा निघाला, त्यामुळे माझी बसायची सोय झाली. शिपाई झालेली साठेक माणसं बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी. आठवडाभर कुठे कुठे मजुरी करणारी आणि सुट्टीच्या दिवशी खाकी डगले चढवून उस्मानी झालेली. आल्या आल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले. फोटो बाहेर जायला नकोत म्हणून ते क्रेटमध्ये, क्रेट पांढऱ्या व्हॅनमध्ये, आणि व्हॅनची चावी सुजीतच्या गळ्यात. सुजीत असिस्टंट डायरेक्टर, पुण्याचा, तिशीचा, सतत घाईत. माझाही फोन त्याने घेतला. "सॉरी हां आंटी, रूल आहे."

डायरेक्टर आणि त्याचा मुख्य कॅमेरा समोरच्या कड्यावर होते. खाली जे काय सांगायचं ते वॉकीटॉकीवर सुजीतला.

दुपारच्या जेवणानंतर डोंगरांच्या मागून ढग वर यायला लागले. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण तिकडे, वादी जिथून उतरत येते त्या बाजूला, आभाळ शाईसारखं झालं. वॉकीटॉकीवर डायरेक्टरचा आनंद मावेना. असं आभाळ पैसे देऊन मिळत नाही, म्हणाला. शेवटचा मोठा शॉट आत्ताच घ्यायचा ठरला.

अन्वर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो ढगाकडे बघत नव्हता, खाली गोट्यांकडे बघत होता.

"भाभी, मला काही हे ठीक दिसत नाही. वरती पाऊस लागलाय. इथे पाणी सांगून येत नाही."

"सुजीतला सांग ना."

त्याने सांगितलं. मी ऐकत होते. सुजीत म्हणाला, "भाई, एक शॉट. खलास. मग यल्ला, सगळे निघू." मग भोंगा घेऊन तो शिपायांकडे वळला आणि हिंदीत ओरडून समजावायला लागला. "ध्यान से सुनो! धुआँ होगा, धमाके होंगे, पाशा हाथ हिलाएगा, चिल्लाएगा, कुछ भी करेगा. तुम लोग अपनी जगह से नहीं हिलोगे. पाशा के सिपाही किला नहीं छोड़ते. कट बोलने तक कोई नहीं हिलेगा. समझे?"

"समझे!" साठ जण ओरडले. त्यांना मजा वाटत होती.

त्याच वेळी व्हॅनमधून किंचाळी आली.

दुसरा शब्द नाही मला. बंद व्हॅनच्या आत साठ-सत्तर फोन एकदम ओरडायला लागले. हवामानाच्या सरकारी अलर्टचा तो कर्कश आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला सांगायला नको. वादीत नेटवर्क येत-जात होतं. कुठूनतरी सिग्नलची एक झुळूक आली असावी आणि सगळ्या फोनांना एका क्षणी निरोप पोचला. पत्र्याच्या पेटीत कोंडलेलं काहीतरी सुटायला धडपडतंय असं वाटत होतं.

बेसिल तेव्हा तंबूजवळच होता, तलवार कमरेला लावून घेत. काळी लोकरीची उंच टोपी, छातीवर पदकं. चेहरा पांढराफटक पडलेला. तो सुजीतकडे गेला.

"सुजीत सर, अलर्ट आहे. आपण निघू या ना. प्लीज."

"अंकल, पाच मिनिटं. तुम्ही पोझिशन घ्या. डायरेक्टर वेट करतोय."

"नाही पण…"

"अंकल. पोझिशन, प्लीज."

आणि माझा नवरा वळला आणि पोझिशन घ्यायला गेला. गोट्यांवरून अडखळत, बुरुजाच्या शिडीवरून वर. मी मागून ओरडले, "बेसिल, जाऊ नकोस!" त्याने मागे वळून हाताने "राहू दे" अशी खूण केली. हॉटेलात एखादा गेस्ट ओरडत असला की तो मला फोनवर जसं "राहू दे, नंतर" म्हणतो, तशी.

अन्वरने बस सुरू करून तोंड रस्त्याकडे वळवलं, पण माणसं टाकून जाणार कसा? तो परत खाली उतरला. फोन अजून ओरडत होते. भोंग्यातून "अ‍ॅक्शन" आलं, धुराचे बाँब फुटले, शिपायांनी बंदुका रोखल्या आणि बुरुजावर बेसिलने तलवार उपसली.

तो उंचावर होता, त्यामुळे वादीचं वरचं वळण खाली आमच्यापैकी फक्त त्याला दिसत होतं; कड्यावरच्यांचे डोळे कॅमेऱ्यात होते. मी त्याच्याकडेच बघत होते म्हणून मला कळलं. त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. हातातली तलवार हळूहळू खाली आली. आवाज काही फुटेना. मग फुटला, आणि तो आमच्या वसईच्या बोलीत, इथे मी सोडून कुणालाही न कळणाऱ्या शब्दांत ओरडायला लागला की पाणी आलं, पळा, पाणी आलं.

शिपाई हलले नाहीत.

त्यांना तसं सांगितलेलं होतं. पाशा ओरडेल, हात हलवेल, तरी हलायचं नाही. उलट ते जागच्या जागी जास्तच जोरात आरोळ्या द्यायला लागले. बेसिल दोन्ही हात हलवतोय, घसा फोडून ओरडतोय, आणि खाली धुरात साठ माणसं खुशीत बंदुका उंचावतायत. मी पळत पुढे निघाले, "भागो, पानी!" म्हणत. धूर, धमाके, फोन. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पायाखालचे गोटे थरथरल्यासारखे वाटले. मग तो आवाज आला. पाण्याचा नव्हताच तो, दगड दगडांवर आपटतायत असा.

बेसिलने तलवार फेकली. टोपी फेकली. शिडी सोडून बुरुजावरून सरळ पोत्यांवर उडी मारली आणि पळत सुटला.

आधी एक शिपाई थबकला. त्याने पळणाऱ्या पाशाकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. तसला चेहरा कुणाला करून दाखवता येत नाही. त्याने बंदूक टाकली. मग दुसऱ्याने टाकली. आणि मग सगळेच, एकदम, बांध फुटावा तसे धुरातून बाहेर पडून बेसिलच्या मागे धावत सुटले. तंबूच्या अलीकडून शेळ्यांची एक वाट कड्यावर चढत होती. बेसिल तिकडे येत होता. म्हणजे माझ्याकडे.

मला वाटलं, तो मला घ्यायला येतोय.

तो इतका जवळून गेला की त्याच्या डगल्याचं टोक माझ्या हाताला लागलं. मी हात पुढे केला होता. "बेसिल!" मी ओरडले. त्याचे डोळे माझ्यावरून गेले आणि तो वाटेला लागला, हातापायांवर, चार पायांनी चढावं तसा.

मी तिथेच उभी राहिले. पाणी मला आता दिसत होतं, तांबडं, फेसाळ, पुढे काटक्या आणि बाटल्या ढकलत येणारं, आणि त्याच्या मागे घराच्या उंचीचं काहीतरी. तरी माझे पाय हलेनात.

"भाभी! चला!" अन्वरने माझा दंड धरला आणि अक्षरशः फरफटत नेलं. चपला गेल्या. कुणीतरी खालून ढकलत होतं, कुणीतरी वरून ओढत होतं. मागे बुरुज मोडल्याचा आवाज झाला, काड्यापेटी पायाखाली यावी तसा. वळून बघितलं तर तंबू नव्हता. बस आडवी होऊन चालली होती, आतले दिवे अजून लागलेले.

चढणीवर एक अरुंद पट्टी होती, तिथे सगळे भिंतीला पाली चिकटाव्यात तसे चिकटून बसलो. खाली पाणी इंचाइंचाने वर येतंय असं वाटायचं, मग थांबल्यासारखं वाटायचं, मग परत वर. ओल्या डगल्यांतली ती माणसं कुडकुडत होती. कुणी कलमा म्हणत होतं, मी माझा हेल मेरी म्हणत होते. शब्द पुढे जाईनात, तीच ओळ पुन्हा पुन्हा. बेसिल आमच्याही वर, कड्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

मग कुणीतरी विचारलं, सुजीत कुठाय?

तो फोन काढायला व्हॅनकडे धावला होता. निदान एक तरी फोन, मदत मागायला, असं त्याने नंतर सांगितलं. पांढरी व्हॅन खूप खाली, एका काटेरी झाडाला अडकून तिरकी उभी होती आणि तिच्या टपावर तो पालथा पडून होता. तो आईला हाका मारत होता. स्पष्ट ऐकू यायचं. मघाशी आम्हाला हुकूम सोडणारा आवाज तोच, पण आता लहान मुलासारखा झालेला. झाड हललं की हाका थांबायच्या, आणि त्या थांबल्या की आम्ही सगळे श्वास धरून बसायचो. मग परत "आई". असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही.

समोरच्या कड्यावर डायरेक्टरच्या माणसांचे फोन चालू होते. त्यांनी कळवलं होतं. ऊन उतरायच्या आत हेलिकॉप्टर आलं. आधी सुजीतला उचललं. दोरीला लोंबकळत तो वर जाताना त्याचा एक हात भलत्याच बाजूला वळलेला दिसला. पण जिवंत होता. पाणी उतरल्यावर बाकीच्यांना सिव्हिल डिफेन्सवाल्यांनी उतरवलं. अन्वरने दोनदा, मग तिसऱ्यांदा डोकी मोजली. सगळे होते.

आणि मग सुरू झालं. डायरेक्टरने बेसिलला मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाला, तू माझा शॉट मोडलास आणि साठ माणसं वाचवलीस. तुला कळलं होतं की शब्दांनी ती हलणार नाहीत, म्हणून तू पळून दाखवलंस! शिपाई एकेक करून येऊन त्याचे हात हातात घेत होते. "पाशा साहब ने बचाया." एकाने तर त्याच्या हाताचा मुका घेतला. बेसिल अंगावरचं ब्लँकेट घट्ट धरून जमिनीकडे बघत उभा. लोकांना तो नम्रपणा वाटला.

कॅरल घ्यायला आली. वाटभर ती रडत होती आणि बोलत होती. "डॅड, यू आर अ हिरो, डू यू नो दॅट?" तो मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी पुढे.

गाडीत मी माझ्यापुरती एक गोष्ट तयार केली होती. इतका गोंगाट होता, त्याला माझी हाक ऐकू गेली नसेल. धूर होता, त्याने मला ओळखलं नसेल. दुसरी कुणी बाई वाटली असेल. त्या गोष्टीवर मी उरलेलं आयुष्य काढलं असतं, अगदी सहज.

कॅरल गेल्यावर त्याने बेडरूमचं दार लावलं आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "ब्रिजिट, तू हाक मारलीस. मी ऐकली."

मी कपाट उघडून कोरडे कपडे काढायला लागले.

"तुझा हातही दिसला. मला कळलं की ही ब्रिजिट आहे. पाय थांबले नाहीत. माझ्या डोक्यात कुणीच नव्हतं. ती माणसं नव्हती, तू नव्हतीस, कॅरल नव्हती. फक्त वर जायचं होतं." तो पलंगाच्या कडेवर टेकला. "ते सगळे म्हणतायत मी वाचवलं. मी कुणाला वाचवलं नाही. मी पळालो."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

मी किचनमध्ये जाऊन चहाचं पाणी ठेवलं. पाण्याला उकळी फुटायला लागली आणि तो आवाज ऐकून मी गॅस बंद केला. ओट्याखाली बसून राहिले. तो दारात येऊन उभा राहिला, आत यायची हिंमत झाली नाही, आणि मीही त्याला ये म्हटलं नाही. पाण्याची भीती निघून जाईल हे मला त्या वेळीही कळत होतं. दुसरी होती तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. आजपर्यंत घाबरायचा तो, आणि मी धीर द्यायची. आता त्याच्याच शेजारी झोपायची मला भीती वाटत होती.

बरेच दिवस असे गेले. तो सकाळी विचारायचा, "झोप लागली?" मी "हो" म्हणायचे. जनरल मॅनेजरने हॉटेलात केक कापला. पेपरात नाव आलं. मालिकेवाल्यांनी उरलेलं काम स्टुडिओत करू म्हणून फोन केला, तेव्हा बेसिलने माझ्याकडे बघितलं नाही, विचारलंही नाही. "नो, सर. आय कान्ट प्ले हिम," म्हणाला आणि फोन ठेवला.

मग एक दिवस इब्न बतूता मॉलच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्या गोळा करणाऱ्या एका दाढीवाल्या माणसाने आम्हाला थांबवलं. टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. "पाशा साहब! पहचाना? मैं आपके पीछे ही था."

बेसिलने इकडेतिकडे बघितलं. नेहमीसारखं हसून तो पुढे जाईल असं मला वाटलं.

"भाई, सच बताऊँ?" तो म्हणाला. "मैं किसी को बचा नहीं रहा था. मैं डर के भाग रहा था. मेरी बीवी वहीं खड़ी थी, ये. इसको भी छोड़ के भागा."

तो माणूस गोंधळला. माझ्याकडे बघितलं, बेसिलकडे बघितलं. मग ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकून म्हणाला, "साहब, हम भी तो भाग ही रहे थे. मेरे बगल में मेरा सगा भाई था. मैंने भी मुड़के नहीं देखा. ऊपर जा के देखा." मग म्हणाला, "वो अब तक मुझसे ठीक से बात नहीं करता." आणि ट्रॉल्यांची लांबच लांब रांग ढकलत निघून गेला.

आम्ही दोघं दोन गाड्यांच्या मध्ये उभे राहिलो.

"ब्रिजिट," तो म्हणाला, "तू मला माफ केलंस का?"

"अजून नाही."

"करशील?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले.

दुबईत या शब्दाचा अर्थ हो असतो, नाही असतो आणि बघू असाही असतो. मला त्यातलं काय म्हणायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याने मान हलवली. मग गाडी कोणत्या रांगेत लावलीय ते दोघांनाही आठवेना, आणि आम्ही ती शोधायला लागलो.